डेपो कमी केले की साठाही कमी होतो का?

हिशेबी
संरक्षण खर्चावर वाचताना एक उपाय दर काही वर्षांनी नव्याने पुढे येतो. पुरवठा डेपो फार झालेत, ते एकत्र करा, पैसे वाचतील आणि पडून राहिलेला मालही आटोक्यात येईल. अमेरिकेत लष्कर, नौदल, हवाई दल यांचे आपापले डेपो होते. १९९० ते १९९२ या काळात ते सगळ्या दलांना माल पुरवणाऱ्या डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सीच्या एका छताखाली आणले गेले. पुढे १९९५ च्या तळबंदी फेरीत (लष्करी तळ बंद करण्याच्या सरकारी फेरीत) मेम्फिस आणि ऑग्डेनचे डेपो बंद करायचं ठरलं. भारतात संरक्षण खर्चाची फेररचना सुचवणाऱ्या लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला, आणि २०१७ मध्ये सरकारने पहिल्या टप्प्यात ६५ शिफारशी स्वीकारल्या. वाहन डेपो, ऑर्डनन्स (लष्करी सामग्रीचे) डेपो, मध्यवर्ती ऑर्डनन्स डेपो यांची फेररचना आणि साठानियंत्रणातली सुधारणा हे दोन्ही त्यात होतं.

माझं मत विचाराल तर हे आधीच व्हायला हवं होतं. साठ्याच्या शास्त्रात वर्गमुळाचा नियम आहे. चार गोदामांचं एक केलं की सुरक्षा साठा निम्म्यावर येतो, नऊचं एक केलं की तिसऱ्या हिश्श्यावर. गणित इतकं सरळ असताना सैन्यं यात एवढी अडखळतात कशाला? पुरवठा, भांडार, खरेदी यात काम केलेल्यांनी जरूर लिहा.

वाटसरू७१
जागा पकडून ठेवतो.

माधुरी_स
हिशेबी, नियम दिलात, अटी गाळल्यात.

हा नियम फक्त सुरक्षा साठ्यापुरता आहे, म्हणजे मागणी अचानक उसळली तर हाताशी असावा म्हणून ठेवलेल्या जादा मालापुरता. तोही प्रत्येक गोदामाची मागणी दुसऱ्यापासून स्वतंत्र असेल तरच. एकीकडे वाढली तेव्हा दुसरीकडे घटलेली असू शकते, त्यामुळे एकत्र ठेवल्यावर चढउतार एकमेकांत जिरतात. शांततेच्या काळात ट्रकच्या क्लच प्लेटा अशाच खपतात. युद्धात सगळ्या आघाड्यांवरून एकाच आठवड्यात त्याच वस्तूची मागणी येते. मागण्या अशा एकसाथ हलू लागल्या की वर्गमूळ निकालात. नऊचं एक केलं तरी साठा जवळपास तेवढाच लागणार. ज्या दिवसासाठी सैन्य साठा बाळगतं नेमक्या त्या दिवशी तुमचं सूत्र रजेवर असतं.

खवचट
सूत्र रजेवर आणि आम्ही पॉपकॉर्न घेऊन हजर. चालू द्या.

हिशेबी
माधुरीताई, मुद्दा मान्य. पण लष्करी गोदामातली प्रत्येक वस्तू काही युद्धाची नसते. बूट, तंबू, जनरेटरचे फिल्टर, स्वयंपाकघराची भांडी, कार्यालयाची कपाटं. यांच्या मागणीला युद्धाशी फारसं देणंघेणं नाही. निदान तेवढं तरी एकत्र करायला हरकत काय?

स्टोअरवाले_काका
नोकरी सगळी ऑर्डनन्सच्या भांडारात गेली, मुलकी कर्मचारी म्हणून. डेपोचं नाव लिहीत नाही. इथे सगळे गोदामांची संख्या मोजताहेत, म्हणून माल पडून का राहतो ते आधी सांगतो.

पहिली गोष्ट शिक्षेची. एखादं वाहन सुट्या भागाअभावी उभं राहिलं तर वरून फोन येतो, पत्र येतं, जबाब द्यावा लागतो. तोच भाग गरजेच्या वीसपट पडून असला तर? काही नाही. लेखापरीक्षणात एक परिच्छेद येतो, त्याला उत्तर जातं, आणि उत्तर लिहिणारा तोवर बदलून गेलेला असतो. अशा ठिकाणी शहाणा माणूस इंडेंट (मागणीपत्र) फुगवूनच पाठवणार. खालचं युनिट थोडं वाढवतं, मधला डेपो थोडं वाढवतो, वरचा आणखी थोडं. कोणीच खोटं बोलत नाही, सगळे फक्त 'सावध' असतात.

दुसरी गोष्ट मार्चएंडची. निधी ३१ मार्चला परत जाणार असेल तर जे पटकन मिळतं ते घेतलं जातं. जे लागतं त्याला वेळ लागतो, म्हणून ते राहून जातं.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी, म्हणजे जुनी सामग्री. तोफ किंवा वाहन तीस-चाळीस वर्षं सेवेत राहतं. त्याचे भाग बनवणारा कारखाना पंधरा-वीस वर्षांत उत्पादन थांबवतो आणि कळवतो, शेवटची ऑर्डर द्यायची तर आत्ताच द्या. मग पुढच्या पंधरा वर्षांचा अंदाज बांधून एकदम खरेदी होते. पाच वर्षांनी वाहनच सेवेतून बाद झालं की उरलेला माल तसाच. बाद वाहनाचा भाग रद्द करायला बोर्ड बसावं लागतं, बोर्डावरच्या अधिकाऱ्यांना सह्या कराव्या लागतात, आणि "हे भंगारात काढा" यावर सही करायला कोणाचाही हात सहज उचलत नाही. तो खोका मग रॅकवर एक खण वर सरकतो.

यातल्या कुठल्या गोष्टीचा संबंध डेपो किती आहेत याच्याशी आहे? चार डेपो एक केले की चार ठिकाणचा निरुपयोगी माल एका ठिकाणी निरुपयोगी होतो, एवढंच.

खवचट
काका, थोडक्यात माळा. चार भावांचे चार माळे उतरवून एकाच्या घरी रचले. पितळी घंगाळं तेवढीच.

अनय_क
काकांच्या प्रतिसादाला +१. मी वाहनांच्या सुट्या भागांच्या वितरणात नियोजन करतो, लष्कराशी संबंध नाही. आमच्या एका जुन्या कंपनीने विभागीय गोदामं मिटवून एक मोठं केंद्र केलं. कागदावर साठा बराच घटायचा होता, पहिलं वर्षभर वाढला. केंद्राकडून माल वेळेवर येईल यावर वितरकांचा विश्वास नव्हता, म्हणून प्रत्येकाने मागच्या खोलीत स्वतःचा वेगळा साठा करायला सुरुवात केली. तो आमच्या संगणकात दिसायचा नाही. आम्हाला फक्त मागणी वाढलेली दिसायची, म्हणून आम्ही आणखी खरेदी करायचो.

सैन्यात हे याहून वाईट होत असणार. वितरकाचा फार तर धंदा बुडतो.

टोपणनाव_नको
अनय, होतंच. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने ४०,००० च्या आसपास कंटेनर सौदीत पाठवले. त्यातल्या निम्म्याहून जास्त कंटेनरांत काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नव्हतं. बंदरावर ढीग पडलेले. युनिटांना आपली मागणी पोचली की नाही तेच समजेना, म्हणून तीच मागणी पुन्हा, मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी माल खरोखर निघायचा. त्या ढिगांना तिकडे 'लोखंडी डोंगर' म्हणायला लागले.

त्यावरून धडा घेतला तो दुसऱ्या टोकाचा. साठा कमी, माहिती जास्त, लागेल तेव्हा पोचवू. २००३ मध्ये इराकमध्ये त्याची परीक्षा झाली. टायर, रणगाड्यांच्या पट्ट्यांचे भाग, चिलखती जाकिटं यांची टंचाई झाली. रेडिओला लागणाऱ्या बीए-५५९० या लिथियम बॅटऱ्या संपत आल्या होत्या. पाठवल्याची नोंद असलेला आणि मिळाल्याची नोंद असलेला माल यांत सुमारे १२० कोटी डॉलरचा फरक अमेरिकी लेखापरीक्षकांनीच दाखवला.

एकदा डोंगर, एकदा खड्डा.

रेवा
आकडे वाचून गरगरलं. डेपो बंद होतो तेव्हा तिथल्या मुलकी कामगारांचं काय होतं यावर कोणी लिहिणार का? शेकटकर समितीच्या त्या पहिल्या टप्प्यात अधिकारी, जवान आणि मुलकी मिळून सुमारे ५७,००० जणांची फेरनियुक्ती होती, आणि ३९ मिलिटरी फार्म (लष्कराचे दुधाचे फार्म) बंद करायचा निर्णय त्याच काळातला. कागदावर 'फेरनियुक्ती' लिहायला एक ओळ लागते. पन्नाशीतल्या माणसाला घर, मुलांच्या शाळा, म्हातारे आईवडील मागे टाकून दुसऱ्या राज्यात जावं लागतं.

स्टोअरवाले_काका
रेवाताई, बरोबर. त्यात एक तोटा असा की तो कोणाच्या हिशेबात येत नाही. जुना माणूस गेला की माल कुठे आहे हे ज्ञानही जातं. बिन कार्डावर (खणाला लावलेल्या नोंदीच्या कार्डावर) पेन्सिलीने लिहिलेलं असतं, "उरलेले ६ शेड ३, मागची भिंत". ते वाचता येणारा माणूसच नसेल तर ते सहा नग हरवले म्हणून समजा.

दारूगोळा_नव्हे_दारू
आयडीवर जाऊ नका, विषय गंभीर आहे.

सुटे भाग आणि कपडे कितीही एकत्र करा. दारूगोळ्याचं गणित वेगळं. तुमच्याकडे वर्गमूळ, इकडे घनमूळ. स्फोटकांपासून राखायचं सुरक्षित अंतर स्फोटकांच्या वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे आठपट स्फोटकं एका जागी ठेवली तर अंतर दुप्पट.

गंमत बघा. अंतर दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट. आठ वेगवेगळ्या जागांना आठ वर्तुळं लागली असती, एकत्र केल्यावर चारच वर्तुळांएवढी जमीन पुरते. म्हणजे जमीन वाचवायची तर सूत्र एकत्रीकरणाच्या बाजूने बोलतं. आणि काही बिनसलं तर सगळं एकदम जातं, हे सूत्रात कुठे लिहिलेलं नसतं.

२००० साली भरतपूरच्या दारूगोळा डेपोला आग. २०१६ मध्ये ३०-३१ मेच्या रात्री पुलगाव, तिथे अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे मिळून १५ हून अधिक लोक गेले. रशियाने तोरोपेत्सला मोठं शस्त्रागार ठेवलं होतं, सप्टेंबर २०२४ मध्ये युक्रेनच्या ड्रोननी ते उडवलं. त्याआधी २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेनकडे अमेरिकेची हायमार्स रॉकेटं आली आणि आघाडीजवळचे मोठे साठे एकामागून एक पेटले. त्यानंतर रशियाला साठे मागे न्यावे लागले, विखरावे लागले, ट्रकांच्या फेऱ्या वाढल्या. एकत्र ठेवलेल्या मालाचा पत्ता शत्रूलाही एकदाच शोधावा लागतो.

माधुरी_स
घनमुळाचा हिशेब झकास. एक भर घालते. आठ जागांचं एक केलं तरी आत सगळं एका ढिगात कोणी ठेवत नाही. मातीच्या बांधांनी वेगळी केलेली कोठारं असतात, दोन कोठारांत ठरावीक अंतर असतं, जेणेकरून एक गेलं तरी शेजारचं जाऊ नये. पुलगावला आग एका शेडपुरती राहिली. त्यामुळे 'सगळं एकदम जातं' हे अंतरं पाळली नाहीत तर. पाळायची म्हणजे वाचवलेल्या जमिनीतली बरीच परत आली.

दारूगोळा_नव्हे_दारू
मान्य. पण जागा कमी पडली की पहिला बळी त्या अंतरांचाच जातो. दोन डेपोंचा माल एका डेपोत आणला आणि नवी कोठारं बांधायला निधी नाही, तर माल कुठे ठेवणार? ताडपत्रीखाली.

वाटसरू७१
साध्या मालालाही हे लागू आहे. ब्रिटनमध्ये डॉनिंग्टनच्या मध्यवर्ती डेपोला १९८३ मध्ये आग लागली, तिथे स्फोटकं नव्हती, सुटे भाग आणि सामान होतं. छताचं ॲस्बेस्टॉस राखेबरोबर आजूबाजूच्या वस्त्यांवर पडलं. १९८८ मध्ये पुन्हा आग. एवढं होऊन त्यांचा मोठा वितरण डेपो आजही तिथेच आहे.

खवचट
विमावाल्यांनी हा धागा वाचू नये.

हिशेबी
सगळे मिळून माझ्यावर तुटून पडलात, हरकत नाही. पण एक बाजू कोणीच मांडत नाही. विखुरलेल्या साठ्यात माल असून नसल्यासारखा असतो. अमेरिकी संरक्षण खात्याचं पहिलं सर्वंकष लेखापरीक्षण २०१८ मध्ये झालं. त्या सुमारास फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये नौदलाला विमानांच्या सुट्या भागांनी भरलेलं एक गोदाम सापडलं. सुमारे १२.६ कोटी डॉलरचा माल, आणि नोंदीतच नाही. तो नोंदीत घेतल्यावर कुठेतरी अडकलेल्या मागण्या त्यातूनच भागल्या.

दुसरं उदाहरण याहून भारी. २००२ मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनी दाखवलं की रासायनिक हल्ल्यापासून बचाव करणारे सूट एक विभाग २०० डॉलरच्या आसपास नवे घेत होता, आणि तेच सूट दुसरीकडून 'अतिरिक्त' म्हणून इंटरनेट लिलावात ३ डॉलरपेक्षा कमी दराने विकले जात होते. एका ठिकाणी एका माणसाच्या डोळ्यांसमोर माल असता तर हे झालं असतं का?

अनय_क
हिशेबी, ही उदाहरणं तुमच्या विरुद्ध जातात! तो सूट एकाच गोदामात असता तरी विकणारा विभाग आणि घेणारा विभाग वेगवेगळी यादी बघत असते तर हेच झालं असतं. दोष भिंतींचा नाही, नोंदींचा आहे. आणि डेपो एकत्र करायला पैसे लागतात हेही धरा. २००५ च्या अमेरिकी तळबंदी फेरीचा अंदाजे खर्च २,१०० कोटी डॉलर होता, झाला ३,५०० कोटींच्या वर. वीस वर्षांतली निव्वळ बचत ३,५०० कोटींहून जास्त धरली होती, ती नंतर १,००० कोटींच्या आत आली. यात फक्त डेपो नव्हते, सगळे तळ होते. पण बांधकाम, वाहतूक, माणसं हलवणं यांचे अंदाज कसे घसरतात ते दिसतं.

स्टोअरवाले_काका
अनय यांच्या मुद्द्यावर एक प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो.

एका वाहनाच्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगची मागणी आली, शिल्लक शून्य. खरेदीचा प्रस्ताव गेला. दरम्यान दुसऱ्या गटाच्या रॅकवरचा खोका मोजणीसाठी उघडला होता. लाकडी खोका, बाजूला स्टेन्सिलने रंगवलेला क्रमांक अर्धा उडालेला. आत मेणकागद, त्याखाली काळी पडून घट्ट झालेली ग्रीस. एक बेअरिंग रॉकेलमध्ये धुतलं, फडक्याने पुसलं, आणि कडेवर कारखान्याचा कोरलेला नंबर निघाला. जो खरेदीला पाठवला होता तोच! आमच्याकडे तो जनरेटरचा भाग म्हणून वेगळ्या कॅटलॉग क्रमांकाने पडून होता. पुढे पाहिलं तर पाण्याच्या पंपाचा भाग म्हणून तिसऱ्या क्रमांकानेही होता. एकच वस्तू, एकच शेड, तीन लेजर.

त्या शेडचं आणखी काय एकत्रीकरण करणार होतात?

पाश्चात्त्य देशांत यासाठीच १३ आकडी नाटो क्रमांक आहे, एका वस्तूला एक. क्रमांक देण्याचं काम कंटाळवाणं असतं. उद्घाटनाची फीत कापता येत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत. नवं गोदाम बांधलं की कोनशिला बसते.

रेवा
कोनशिलेवरचं वाक्य कार्यालयाच्या फळ्यावर लिहून ठेवतेय.

टोपणनाव_नको
ब्रिटनच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये याच विषयावर अहवाल दिला होता. स्फोटकं सोडून इतर मालात ४२० कोटी पौंडांचा माल किमान दोन वर्षं हलला नव्हता, आणि आणखी २४० कोटींचा माल पाच वर्षांहून जास्त पुरेल इतका होता. खातं वापरापेक्षा जास्त खरेदी करत होतं, मूळ तिथेच होतं.

अतिरिक्त साठा आहे म्हणजे सगळं मुबलक आहे, असंही कोणी समजू नये. भारतात महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात सप्टेंबर २०१६ ची स्थिती आहे. १५२ प्रकारच्या दारूगोळ्यापैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारे नव्हते. निकष ४० दिवसांचा. एका शेडमध्ये बाद वाहनाचे भाग छतापर्यंत आणि दुसरीकडे गोळे नाहीत, हे एकाच वेळी होऊ शकतं. एकूण साठ्याची रुपयांतली किंमत कमी झाली म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पहाडी_मैना
उशिरा आले. वरचं सगळं वाचलं, हिवाळ्याचा उल्लेख कुठेच नाही. लडाखमध्ये हिवाळ्यात रस्त्याच्या खिंडी बंद होतात, त्याआधी तिथे महिनोन्‌महिन्यांचं रेशन, इंधन, शेगड्या, कपडे भरून ठेवावे लागतात. मैदानातला डेपो कितीही आधुनिक केला तरी जानेवारीत त्याचा उपयोग विमानात मावेल तेवढाच. हवाई वाहतूक महाग, आणि हवामानावर अवलंबून. अशा जागी 'जादा साठा' नावाची गोष्टच नसते. मे महिन्यात उरलेलं रॉकेल बघून कोणी नियोजन चुकलं म्हटलं, तर त्याला तिथे एक हिवाळा ठेवा.

हिशेबी
पहाडी_मैना, पटलं. मग प्रश्न थोडा आवळतो. दारूगोळा बाजूला, दुर्गम भागातला आगाऊ साठा बाजूला. उरलेल्या मालाचे, म्हणजे कपडे, सर्वसाधारण सामान, चालू वाहनांचे सुटे भाग यांचे डेपो कमी करावेत की नाही?

स्टोअरवाले_काका
करावेत, पण क्रम उलटा. आधी सगळ्या डेपोंची यादी एक करा, एका वस्तूला एक क्रमांक. मग बाद वाहनांचा माल डोळे मिटून काढून टाका, बोर्डावर सही करणाऱ्याला संरक्षण द्या. एवढ्यानेच निम्मी शेडं रिकामी दिसू लागतील. तेव्हा ठरवा कुठल्या डेपोला कुलूप लावायचं. बहुतेक ठिकाणी आधी कुलूप लागतं आणि मग ट्रक भरताना यादी करतात. ट्रकवर चढवताना केलेल्या यादीसारखी खोटी यादी दुसरी नाही.

माधुरी_स
आणि बचत मोजताना वाहतूक धरा. साठा एका जागी आला की प्रत्येक मागणीचं अंतर वाढतं. जलद जाणाऱ्या वस्तू वापरणाऱ्यांजवळ, मंद जाणाऱ्या आणि महाग वस्तू मध्यवर्ती, अशी विभागणी धंद्यात सर्रास करतात. गिअरबॉक्स एका जागी ठेवा, फॅनबेल्ट सगळीकडे.

हिशेबी
चालेल. पण काका, "डोळे मिटून काढून टाका" म्हणता, मग ते २०० डॉलरच्या सुटासारखं होणार नाही कशावरून?

स्टोअरवाले_काका
म्हणून तर यादी आधी म्हटलं. काढण्यापूर्वी एकच पाहायचं, हा क्रमांक दुसरं कुठलं चालू वाहन वापरतं का. वापरत असेल तर ठेवा. नसेल तर जाऊ द्या. रबरी सील मात्र नुसत्या यादीवर ठेवू नका, तयारीची तारीख बघा आणि हातात घेऊन वाकवा. चिरा पडल्या तर नवं वाहन असो की जुनं, ते भंगारच.

अनय_क
आमच्याकडे ऑइल सीलला उत्पादनाची तिमाही छापलेली असते. तुमच्याकडे जुन्या मालावर असायची का?

स्टोअरवाले_काका
पुडक्यावर असायची, सीलवर नाही. मोजणीला पुडकं फाडलं की तारीख कचऱ्यात. नंतर आम्ही मोजणाऱ्याला पुडक्याचा कोपरा कापून बिन कार्डाला स्टेपल करायला सांगायला लागलो.